चाल मागे घेताना

बुद्धिबळात अप्पा मला चाल मागे घेऊ देत नसत. म्हणूनच असेल, लेकीच्या स्विचवरचा 2003 चा 'फायर एम्ब्लेम' हा पटावरच्या लढाईचा जपानी खेळ मला भावला. पडलेला शिपाई कायमचा गेला; घरे मोजूनच पाऊल टाकायचे. याच मालिकेतल्या 2019 च्या 'थ्री हाउसेस'मध्ये मात्र काळ मागे नेता येतो, मोजक्या वेळा.

"ही कसली लढाई?" मी म्हणालो.

"पप्पा, तुम्ही तर एक शिपाई मेला की अख्खा डाव पुन्हा मांडता!"

खरेच की. तासभर वाया, आणि आतून हिचे "साकु आता!" सुरू. लेक चूक तिथल्या तिथे सुधारते, म्हणून धाडसही करते.

"आजोबांनी एकदाही चाल मागे दिली नाही?"

दिली होती. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा.