धावत्या प्रोग्रामचा लॉट नंबर

२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या ‘सेमिकॉन इंडिया’ संमेलनात ‘विक्रम ३२०१’ ही चिप पंतप्रधानांना भेट देण्यात आली. प्रक्षेपकांसाठी तयार केलेला, मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडवलेला हा ३२ बिटांचा प्रोसेसर. त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण या चिपबरोबर आलेली एक गोष्ट मागे पडली : तिच्यासाठी लागणारा एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर आणि लिंकर इस्रोने स्वतः तयार केले आहेत. मला ही गोष्ट चिपइतकीच मोलाची वाटते.

कंपायलर हा माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवतो, आणि उतरवताना पुष्कळ काही गाळतो. लिहिणाऱ्याने एखाद्या राशीला ‘वेग’ असे नाव दिलेले असते, ती कोणत्या मर्यादेत राहील हे त्याला ठाऊक असते, अमुक आज्ञा कोणत्या फाइलीतल्या कितव्या ओळीतून आली याचा माग असतो. यंत्राला यातले काहीच लागत नाही. त्याच्यापाशी उरतात ते पत्ते आणि आकडे. म्हणून चालू प्रोग्रामला ‘तू केव्हा घडलास, तुझ्या या खान्यात किती मावते’ असे विचारले, तर घडवताना जेवढे त्याच्याजवळ मुद्दाम ठेवले असेल तेवढेच तो सांगू शकतो.

माझे बालपण जबलपूरजवळच्या खमरियात, आयुध निर्माणीच्या वसाहतीत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा कारखाना दारूगोळा बनवतो. २०२१ पासून तो पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. आमच्या वसाहतीतल्या मराठी, हिंदी, बंगाली अशा सगळ्याच घरांत ‘लॉट’ हा शब्द सारखाच रुळलेला होता. दारूगोळ्यावर लॉट नंबर आणि वर्ष असते. कित्येक वर्षांनी, कुठेतरी दूर, एखादा नग बिघडला तर त्या नंबरावरून त्याच लॉटचा उरलेला माल बाजूला काढता येतो. उडून गेलेल्या गोळ्याची जबानी घेता येत नाही. खूण आधीच उमटवलेली असावी लागते.

प्रोग्रामच्या जगातही असे लॉट नंबर आहेत. लिनक्सचा गाभा कोणत्या दिवशी आणि कोणत्या कंपायलरने घडवला हे तो चालू असताना विचारता येते. घडवताना तशी निवड केली असेल, तर त्या वेळचे सगळे पर्यायही तो वाचून दाखवतो. जावामध्ये एखाद्या वस्तूला तिच्या वर्गाचे नाव आणि त्यातल्या पद्धती विचारता येतात. एडामध्ये प्रकाराला त्याची पहिली आणि शेवटची किंमत विचारता येते. शिवाय लिहिणाऱ्याने घातलेली मर्यादा धावताना मोडली गेली, तर ती तपासणी बंद केलेली नसल्यास प्रोग्राम तिथेच अपवाद उभा करतो.

मग घात कुठे होतो? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. दिशादर्शक यंत्रणेतला एडामधला कार्यक्रम एरियन ४ वरून तसाच घेतला होता. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची राशी १६ बिटांच्या खान्यात उतरवली जात होती. तिथे ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. जुन्या प्रक्षेपकाच्या मार्गावर ती कधी तेवढी मोठी होणार नव्हती, म्हणून प्रोसेसरवरचा भार वाचवण्यासाठी तिला संरक्षण दिले नव्हते. हे गृहीतक माणसांच्या विचारात होते. प्रोग्रामच्या अंगावर ते कोरलेले नव्हते. आधी राखीव यंत्रणा बंद पडली, पाठोपाठ मुख्य यंत्रणाही. आणि बंद पडताना तिने पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली, आणि त्याबरहुकूम नळ्या वळवल्या.

या अपघातात मला दोन वेगळ्या उणिवा दिसतात. घडवतानाचे गृहीतक धावत्या प्रोग्रामपर्यंत पोचले नाही, ही पहिली. प्रोग्राम स्वतःविषयी जे बोलला ते ऐकणाऱ्याला ओळखता आले नाही, ही दुसरी. नुसती माहिती साठवून भागत नाही. ती कोणासाठी आणि कोणत्या रूपात, हेही आधीच ठरवावे लागते.

हे फुकट मिळत नाही. प्रत्येक नाव स्मृतीतली जागा खाते, प्रत्येक तपासणी वेळ घेते, आणि आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या खुणा परक्यालाही वाचता येतात. म्हणूनच काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हा निर्णय ज्याच्या हाती आहे तो महत्त्वाचा. उसन्या कंपायलरमध्ये तो बराचसा दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. स्वतःचा कंपायलर असला की तो आपला होतो, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.

‘विक्रम ३२०१’साठी सी भाषेच्या कंपायलरचेही काम हाती घेतलेले आहे. सीमध्ये एडासारख्या मर्यादा भाषेतून आपोआप मिळत नाहीत. त्यामुळे त्याची बातमी येईल तेव्हा चिपचा वेग विचारण्याआधी एवढे विचारावे : यातून निघणारा प्रोग्राम, आकाशात एकटा असताना, आपण कोणत्या गृहीतकांवर उभे आहोत हे सांगू शकेल का?