फुटका धूमकेतू

"धूमकेतू फुटला की तुकडे दिसतात का हो?" आकाशदर्शनाला महाड-पोलादपूरकडे कुठेही गेलो तरी कुणीतरी हे विचारतंच. तळीयेत त्याला दुसरा प्रश्न जोडून येतो, "मग ते खाली येतात का?" 22 जुलै 2021 ला दरड कोसळलेल्या त्या गावात हे विचारलं जाणं साहजिक आहे, म्हणून तिथे मी दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही येत. तुकडे सूर्याभोवती आपल्या वाटेनेच जातात, बरेचसे धूळ होऊन विरतात. कधी पृथ्वी त्या धुळीतून गेली तर उल्का दिसतात, इतकंच.

तुकडे दिसणं अंतरावर आहे. 2006 च्या मे महिन्यात श्वासमान-वाखमान 3 हा धूमकेतू सुमारे एक कोटी वीस लाख किलोमीटरवरून गेला. त्याचे दोन मोठे तुकडे द्विनेत्रीतून वेगवेगळे दिसत होते. 2020 च्या एप्रिलमध्ये फुटलेला धूमकेतू अ‍ॅटलस होता साडेचौदा कोटी किलोमीटरवर. हबल दुर्बिणीने 20 एप्रिलला त्याचे तीसेक तुकडे टिपले. जमिनीवरून वायव्येला जिराफ तारकासमूहात पाहायचं ते एका पुसट डागाकडे.

पण खरं कसब त्या डागातच आहे. शेजारच्या ताऱ्याचा फोकस बिघडवून तो धूमकेतूएवढा पसरवायचा आणि दोघांचं तेज ताडायचं. हे रोज करायचं, कारण एका रात्रीत काहीच कळत नाही. फुटताना तेज आधी चढतं, कवच तडकून आतला ताजा बर्फ उन्हाला लागतो म्हणून. मग उतरू लागतं. मधला टाचणीएवढा ठिपका हरवतो, गोल डोकं शेपटीकडे लांबट होतं. नजर किंचित बाजूला ठेवली तरच हे उमगतं, आणि चांदणं असेल तर सरळ घरी जावं.

भाकितावर माझा फार भरवसा नाही. सेकानिनांसारख्या मुरलेल्या शास्त्रज्ञाने जुलै 2024 मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलस फुटणार म्हणून लिहिलं. तो ऑक्टोबरात संध्याकाळी पश्चिमेला शेपटीसकट हजर! त्याच महिन्यात दुसरा एक अ‍ॅटलस, सप्टेंबरच्या शेवटी सापडलेला, 28 तारखेला सूर्याजवळ विरून गेला. तो पहाटेचा पाहुणा. तळीयेच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यावर काही चढेपर्यंत उजाडतंच. त्याचा शेवट सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यांनी पाहिला. पोरांना मी तीच चित्रं मोबाइलवर दाखवतो.