मागच्या सीटवरून विजापूर

आपल्या घरांत मोटारसायकल घ्यायची ठरली की ती पसंत कोण करतो? जो चालवणार, तो. त्याचे दोस्त सल्ला देतात, मुलगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो, शोरूमच्या चकरा होतात. घरातल्या बाईला शेवटी एवढेच विचारतात, "काळी घेऊ की लाल?" आणि पुढची दहा वर्षे त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून बाजार, दवाखाना, लग्नकार्य आणि माहेर तीच करते.

दोघांनी लांबचा सफर करायचा असेल तर हा क्रम उलटा करावा, असे माझे म्हणणे आहे. मागे बसणाऱ्याने आधी बसून पाहावे, मग चालवणाऱ्याने किल्ली हातात घ्यावी. आम्ही नवरा-बायकोने गाडी अशाच रीतीने घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत चिपळूणहून विजापूरला जाऊन आलो. त्या रस्त्याने जे शिकवले ते वाचक भगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना सांगावेसे वाटते.

हा रस्ताही सांगण्यासारखा आहे. लोक त्याला गुहागर-विजापूर महामार्ग म्हणतात. गुहागरच्या समुद्राकडून निघून तो चिपळूणला येतो, कुंभार्ली घाट चढतो आणि कोयनानगर, पाटण, कराड, विटा, जत करत थेट गोल गुंबजाच्या शहरात पोहोचतो. आमच्या वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे दाभोळ हे एकेकाळी आदिलशाहीचे नावाजलेले बंदर होते. तिथली खाडीकाठची जुनी मशीद आजही त्या काळाची आठवण देते. बंदर इकडे आणि राजधानी तिकडे. वर्गात मुलांना हा इतिहास शिकवताना नेहमी वाटायचे की समुद्रापासून त्या राजधानीपर्यंतची वाट एकदा स्वतः पाहावी. एस.टी.ने गेले तर गाड्या बदलाव्या लागतात, मोटार आमच्याकडे नाही. राहिली मोटारसायकल.

जुनी गाडी शंभर सीसीची होती. ती गावात उत्तम, पण दोन माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना तिचा जीव जायचा. म्हणून नवी पाहायला निघालो. आधी घरी कागद घेऊन वजनाचा हिशेब केला. यांचे वजन ७२ किलो, माझे ६१, कपड्यांच्या बॅगा, पाणी आणि बारीकसारीक सामान मिळून १४. झाले १४७ किलो. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत माणसे आणि सामानासह जास्तीत जास्त किती वजन चालेल ते दिलेले असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की आपल्या वाट्याला किती येते ते कळते. हा आकडा विक्रेता आपणहून सांगत नाही, मागून घ्यावा लागतो.

मग बसून पाहणे. यांच्या एका मित्राकडे शर्यतीच्या धाटणीची देखणी गाडी होती. तिची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती. ब्रेक लागला की मी घसरून पुढे, गुडघे वर दुमडलेले, धरायला काही नाही. दहा मिनिटांत कंबर बोलू लागली. ती धाटणी आम्ही यादीतून काढली.

उरलेल्या गाड्यांमध्ये होंडा युनिकॉर्न वजनाला हलकी, रोजच्या वापराला सोयीची. पण तिचे इंजिन १६२ सीसीचे आणि आमचा हिशेब घाटाचा होता. मग साडेतीनशे सीसीच्या तीन गाड्या उरल्या: रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, तिचीच मिटिऑर ३५० आणि होंडाची हायनेस सीबी३५०. ओढण्याची ताकद, ज्याला टॉर्क म्हणतात, ती एनफील्डच्या दोघींची २७ न्यूटन-मीटर आणि हायनेसची ३०. कागदावर हायनेस पुढे. वजनालाही तीच हलकी, १८१ किलो. मिटिऑर १९१ आणि क्लासिक १९५. पण आमचा निर्णय तिसऱ्याच आकड्यावर झाला, तो म्हणजे सीटची उंची. क्लासिकची ८०५ मिलिमीटर, हायनेसची ८००, मिटिऑरची ७६५. फरक दीड इंचाचा. यांची उंची पाच फूट चार इंच. एकट्याने बसल्यावर तिन्ही गाड्यांवर यांचे पाय टेकत होते. मी मागे चढू लागले, गाडी किंचित कलली, तेव्हा फरक कळला. मिटिऑरवर यांचे दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट राहिले, बाकीच्या दोघींवर चवडे. मागे माणूस चढताना आणि उतरताना गाडी उभी धरणे हेच सर्वांत अवघड काम असते. वेगात गाडी स्वतःचा तोल सांभाळते, थांबलेली गाडी माणसाने सांभाळायची असते. उंच माणसाच्या घरी हाच हिशेब दुसऱ्या गाडीच्या बाजूने जाईल. म्हणून आमची गाडी सर्वांनी घ्यावी असे मी म्हणत नाही. दोघांनी मिळून बसून पाहावे, एवढेच म्हणते.

आता थोडे नाजूक विषयाबद्दल. आपल्याकडे बायका दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसतात. गावातल्या गावात ते चालून जाते. घाटात मात्र शरीराचे सगळे वजन एका बाजूला झुकते, दोन्ही पाय एकाच आधारावर असतात आणि प्रत्येक वळणावर चालवणाऱ्याला त्या झुकावाशी झगडावे लागते. मी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे ठरवले. सासूबाईंना कसे सांगावे, या विचारात होते. अम्मींनी ऐकून घेतले आणि विचारले, "बुरखा कुठला घालणार?" मी म्हटले, "समोर बटणांचा, खाली भरपूर घेर असलेला. आत सलवार." त्या म्हणाल्या, "मग झाकलेलंच आहे की. रस्त्यावर पडलीस तर कोण झाकणार?" विषय संपला.

कपड्यांचा खरा धोका चाकाचा आहे. ओढणीचे टोक किंवा बुरख्याची कड मागच्या चाकात किंवा साखळीत गुंतली तर क्षणात माणूस खाली ओढला जातो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने प्रत्येक मोटारसायकलला तीन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत: मागच्या माणसाला धरायला पक्के हँडल, पाय ठेवायला आधार आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे आवरण. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. पोरांना ते गावंढळ वाटते, म्हणून नवी गाडी घरी आली की आधी ते काढून टाकतात. भगिनींनो, ते काढू देऊ नका. आणि निघण्यापूर्वी ओढणीची दोन्ही टोके आत खोचा.

हेल्मेटही दोघांना हवे. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. घरात पडलेले जुने, सैल हेल्मेट बाईच्या डोक्यावर चढवणे म्हणजे फक्त पोलिसांची समजूत घालणे. दुकानात जाताना नेहमीचा स्कार्फ बांधून जावे आणि त्यावरूनच माप पाहावे. आयएसआय शिक्का, पूर्ण चेहरा झाकणारा आकार, हनुवटीखाली घट्ट बसणारा पट्टा. स्कार्फ पातळ सुती असावा आणि हेल्मेटच्या आत एकही टाचणी नसावी. धक्का बसला तर ती टाचणी डोक्यातच घुसेल.

मुलाला नानीकडे ठेवले. तोही यायला रडत होता, पण कायद्याने मोटारसायकलवर चालकामागे एकच माणूस बसू शकतो. टाकीवर एक आणि मध्ये एक मूल घेऊन जाणारी कुटुंबे आपण रोज पाहतो. त्यांची मजबुरी मला समजते, पण घाटाला ती समजत नाही.

पोफळी मागे पडली आणि कुंभार्लीचा चढ सुरू झाला. पावसाळ्यानंतरचा रस्ता, कुठे गुळगुळीत, कुठे खड्डे. चढावर मागच्या माणसाचे वजन मागच्या चाकाकडे जाते आणि पुढचे चाक हलके होते. अशा वेळी मागच्याने ताठ न बसता थोडे पुढे, चालवणाऱ्याच्या जवळ सरकून बसावे. वळणावर गाडी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूलाच तिच्याबरोबर झुकावे. भीतीने उलट्या बाजूला कललात की गाडी सरळ जाऊ पाहते, आणि समोर दरी असते. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या: खांद्यावर एकदा थाप म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांबा. वाऱ्यात ओरडून काही ऐकू जात नाही आणि आरडाओरड झाली की चालवणारा मान मागे वळवतो.

घाटमाथ्यावर हेळवाक आणि पुढे कोयनानगर. तिथे चहा घेताना मी यांना सांगितले की मागे दणके फार बसताहेत. याचे कारण सोपे होते. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला टप्पे असतात. गाडी एका माणसाच्या टप्प्यावर लावून मिळते. दोघे आणि सामान असेल तर स्प्रिंग कडक करून घ्यावी लागते. ती नरमच राहिली की खड्ड्यात पूर्ण दबते आणि दणका थेट मणक्याला जातो. गाडीसोबत मिळालेल्या पान्याने हे काम पाच मिनिटांत झाले. हवेचेही तसेच. दोघांसाठी मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते, आकडा पुस्तिकेत असतो. पाटणकडे उतरताना मला वाटले की गाडी बदलली.

कराडला जोहरची वेळ झाली. आदिलशाही काळातील तिथली जोडमनोऱ्यांची मशीद लांबूनच ओळखू येते. हे नमाजला गेले तेव्हा मी सावलीत उभी राहून पाय मोकळे केले. मागे बसणाऱ्याला हातात काही काम नसते, म्हणून अंग लवकर आखडते. पन्नास-साठ किलोमीटरला एकदा उतरून चालावे, हा आमचा नियम. पुढे कडेगाव लागले. तिथल्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत आणि त्यात हिंदू-मुस्लिम दोघांचा सहभाग महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. संध्याकाळी विट्याला नणंदेकडे मुक्काम केला. दिवसभरात जेमतेम दीडशे किलोमीटर. एकट्या माणसाला हे अंतर थोडे वाटेल, पण दोघांचे वेळापत्रक मागच्याच्या कमरेवर ठरते.

दुसऱ्या दिवशी भिवघाट, नागज फाटा आणि जत. हा दुष्काळी माळ. सरळ रस्ता, झाडे कमी, आडवा वारा. इथे गाडीचे वेगळे गुण लागतात. तासन्‌तास एका वेगाने चालताना इंजिनाची थरथर पायांत उतरते का, हे पाहायचे असते. एका सिलिंडरच्या इंजिनात ती असतेच. ती कमी करण्यासाठी आत बॅलन्सर शाफ्ट असतो, आणि तो आहे की नाही हे खरेदीच्या वेळी विचारावे. पाठीला टेकण मिळते का, तेही पाहावे. आम्ही ते बसवून घेतले आणि या माळावर मला त्याचे मोल कळले. टाकी १५ लिटरची. लिटरला ३० किलोमीटर धरले तरी साडेचारशेची बेगमी. सामान दोन्ही बाजूंना समान वजनाचे आणि खाली. मागे उंच बांधले तर वाऱ्यात गाडी डोलते.

दुपारी क्षितिजावर तो घुमट दिसला. मुहम्मद आदिलशहाची, म्हणजे १६२७ ते १६५६ या काळातल्या सुलतानाची ही कबर. घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. चारही कोपऱ्यांना सातमजली मनोरे आणि त्यांतल्या अरुंद, उंच पायऱ्यांनी वर सज्जापर्यंत जाता येते. हळूच बोललेले तिथे घुमटापलीकडच्या माणसाला ऐकू येते. दोन दिवस मागच्या सीटवर बसून आलेली चाळिशी ओलांडलेली बाई त्या पायऱ्या चढू शकते का, हीच माझ्या मते गाडीची खरी परीक्षा. मी चढले. दोनदा थांबले, पण कंबर धरून नाही, दम लागला म्हणून. दुसरा दिवस इब्राहिम रोजा आणि जामा मशीद पाहण्यात गेला, तोही पायीच.

परतीला कुंभार्ली उतरायचा होता. उतारावर मागच्याचे वजन पुढे येते आणि ब्रेकवर दुप्पट भार पडतो. अशा वेळी खालचा गिअर ठेवून इंजिनानेच वेग धरायचा आणि दोन्ही ब्रेक मिळून हलके लावायचे. १२५ सीसीवरच्या सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, पण काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. दोघांनी घाट करायचे असतील तर दोन्ही चाकांना असलेले घ्यावे. हात मागच्या हँडलवर ठेवले की ब्रेक लागताना हेल्मेटवर हेल्मेट आपटत नाही.

घरी पोहोचल्यावर अम्मींनी विजापूरचे काही विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "चढताना-उतरताना गुडघा दुखला का?" मी नाही म्हटले. गुडघ्यांमुळे त्यांनी किती वर्षांत मोटारसायकलवर पाय ठेवलेला नव्हता. दवाखान्याला रिक्षा, नाहीतर जाणेच रद्द. त्या अंगणात आल्या, सीटवर हात ठेवून उंची पाहिली आणि यांना म्हणाल्या, "उभी धर नीट. मी बसून बघते."

दर महिन्याच्या तपासणीला आता त्या हिच्यावरच जातात. हेल्मेटचे माप त्यांनी स्वतः दुकानात जाऊन दिले आहे, स्कार्फ बांधून.