कोणता प्रोसेसर भारी?

"सर, इंटेल भारी की एआरएम?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं असतं : त्या प्रोसेसरसाठी आज ऑपरेटिंग सिस्टीम कोण लिहितंय, ते आधी बघ. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. त्या आज्ञांची जी रचना, तेच त्याचं आर्किटेक्चर. एक्स८६ हे घराणं १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलं. एआरएमची पहिली चिप १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवली. त्याच वर्षी इंटेलचा ३८६ आला. त्यात ट्रान्झिस्टर होते सुमारे २,७५,००० आणि एआरएममध्ये जेमतेम २५,०००! कमी विजेत काम भागवायची ती सवय आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

एका आर्किटेक्चरसाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर थेट चालत नाही. मोडीतला जुना कागद हातात आला तर काय होतं? भाषा मराठीच, पण वाचता येत नाही. कुणीतरी तो देवनागरीत उतरवून द्यावा लागतो. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामसाठी हे काम कंपायलर करतो.

आता रिस्क ओएस बघा. ही एकॉर्नचीच सिस्टीम, हौशी मंडळी आजही ती रास्पबेरी पायवर चालवतात. बटण दाबलं की काही सेकंदांत हजर. फाइल सेव्ह करायची तर तिचं चित्र ओढून फोल्डरमध्ये टाकायचं. मला ही पद्धत फार आवडते. पण तिचा मोठा भाग ३२ बिट एआरएमच्या असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्याच बोलीत लिहिलेला आहे. २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ५ आला. त्याचा प्रोसेसर ३२ बिट ॲप चालवतो, पण अख्खी ३२ बिट सिस्टीम नाही. झालं! घराणं तेच, तरी रिस्क ओएस त्यावर थेट चालत नाही. पुन्हा लिहायची तर माणसं हवीत, आणि ती मोजकी आहेत.

लिनक्सची गोष्ट उलटी. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने ती स्वतःच्या ३८६ वर, त्याच्याचपुरती लिहिली. पण बहुतेक भाग सीमध्ये होता, त्यामुळे पुढे ती अनेक आर्किटेक्चरवर पोहोचली. आणि २०१३ मध्ये ३.८ या आवृत्तीपासून लिनक्सने ३८६ ची साथच सोडली. माहेर तोडलं म्हणा ना!

माझ्याकडे ॲटम प्रोसेसरचा, निव्वळ ३२ बिट, १ जीबी रॅमचा छोटा लॅपटॉप आहे. त्यावर डेबियन १२ आहे, मराठी टायपिंग नीट होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली, तिने ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. गंमत म्हणजे त्याच आवृत्तीत रिस्क-व्ही हे नवं, खुलं आर्किटेक्चर अधिकृतपणे आत आलं. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर त्यावरच बेतलेला आहे. मग माझ्या लॅपटॉपला पर्याय काय? हायकू आणि नेटबीएसडी अजून ३२ बिटला विचारतात. हायकू तर चपळ आहे, फक्त जड वेबसाइट उघडल्या की ब्राउझर दमतो.

हे तुम्हाला का सांगतोय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ जुन्या मशीनला नाही म्हणते, आणि बऱ्याच घरांत "भंगारात देऊन टाकू" असं बोलणं सुरू झालंय. थांबा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा आणि 'सिस्टीम टाइप' ही ओळ वाचा. कधीकधी तिथे "३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर" असं दिसतं. म्हणजे सिस्टीम ३२ बिटची बसवलीय, प्रोसेसर मात्र ६४ बिटचा आहे. अशा मशीनवर आजची ६४ बिट लिनक्स बसू शकते. रॅम २ जीबी असेल तर हलकी आवृत्ती निवडू. घरच्यांना विचारून, महत्त्वाच्या फाइल आधी बाजूला काढून, शनिवारी लॅबमध्ये घेऊन या. पेनड्राइव्ह माझ्याकडे तयार आहे.