लोट्याची बेअरिंगगाडी

आधी तिचा आवाज येतो, मग ती दिसते. डांबरावर पोलाद घासत येणारा तो खर्रर्र आवाज वाडीतल्या प्रत्येक पडवीत पोचतो आणि आजी आतूनच ओरडते, "अरे हळू, वळणावर गुरं बसलीत!" चोरपावलांनी जाणं हिच्या स्वभावातच नाही. ती निघाली की सगळ्यांना कळतं, आणि कोण बसलंय तेही कळतं, कारण जड पोराखाली तिचा सूर खाली जातो.

खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम एमआयडीसीच्या आसपास जन्मलेल्या या बेअरिंगगाडीचं कूळ सांगणं सोपं आहे. रसायनांच्या कारखान्यांत पंप आणि मोटारी दिवसरात्र फिरतात. एखादं बेअरिंग कुरकुरू लागलं की फिटर पुलर लावून ते खेचून काढतो, नवं ठोकतो, आणि जुनं भंगारात जातं. ६२०५ नंबरचं घ्या: आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२. तळहातात मावेल एवढं, पण वजनदार. अशी तीन जमली की गाडीचा अवघड भाग संपला. पॅलेटची पाइन फळी, मोडक्या कुदळीच्या दांड्याचा आस, पुढे आडव्या दांडीला एक मोठा नटबोल्ट. दांडा तासून तासून बेअरिंगच्या भोकात घट्ट ठोकायचा; सैल राहिला तर पहिल्याच उतारावर चाक एकीकडे आणि पोरगं दुसरीकडे.

इथे एक गंमत घडते, ती मला फार आवडते. मोटारीत बेअरिंगची बाहेरची कडी घट्ट बसलेली असते आणि आतली शाफ्टबरोबर फिरते. गाडीत नेमकं उलटं: आतली कडी लाकडात रुतून बसते आणि बाहेरची रस्त्यावर धावते. आयुष्यभर अंधाऱ्या खोबणीत अडकलेल्या कडीला पहिल्यांदा ऊन लागतं. आणि निवृत्ती म्हणाल, तर ती नावालाच. गाडी ताशी १५ किलोमीटरने सुटली की ते ५२ मिलिमीटरचं चाक मिनिटाला सुमारे १५०० फेरे घेतं. कारखान्यातली १४४० फेऱ्यांची मोटार जेवढी फिरते, जवळजवळ तेवढंच!

स्वभावाने ती सरळ आहे, पण हट्टी. खडा आला की जागीच थांबते. बसणारा थांबत नाही. जांभ्याच्या पायवाटेवर तर पाऊलच टाकत नाही, तिला डांबर किंवा काँक्रीट हवं. पोलादाला पकड नसते, म्हणून वळणावर घाई केली की मागचा भाग बाजूला सरकतो. ब्रेक म्हणजे चपलेची टाच, त्यामुळे मे महिना संपेपर्यंत वाडीतल्या निम्म्या चपला मागून झिजलेल्या असतात. पावसाळ्यात ती माळ्यावर जाते. ग्रीस चोपडून ठेवलं नाही तर गंज चढून बेअरिंग कायमचं बसतं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तेव्हा घरच्या कोयत्या-कुदळींच्या रांगेत तिलाही झेंडू वाहिला जातो. तो तिचा हक्कच आहे.

तिची एक श्रीमंत बहीण आहे, गो-कार्ट. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसगाड्या बांधणाऱ्या माणसाने नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं आणि ती जन्मली. स्प्रिंग दोघींनाही नाहीत. हाडं खिळखिळी होतात ती दोघींच्याही पाठीवर. पण गो-कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली असतात आणि दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शिअल नसतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून आतलं चाक क्षणभर उचललं जावं लागतं, आणि त्यासाठी पुढच्या चाकांचे कोन काटेकोर बसवावे लागतात. आमच्या बेअरिंगगाडीला ही अडचणच नाही. तिचं प्रत्येक चाक आपापल्या गतीने फिरतं. लवेलच्या घरडा इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकलला जाणारं पोरगं डिफरन्शिअल फळ्यावर शिकेल, पण प्रत्येक चाक वेगळं फिरलं की वळण सोपं जातं हे त्याच्या बुडाला दहाव्या वर्षीच कळलेलं असतं. याहून चांगली प्रयोगशाळा मला ठाऊक नाही.

म्हणून लोट्यातल्या फिटरदादांना एक विनंती. शिफ्ट सुटल्यावर शेजारच्या पोराला भंगारवाल्याकडे घेऊन जा, वजनावर तीन बेअरिंग घ्या. मोटारीची निवडा, पंपाची नकोत; गळक्या सीलमधून त्यांना कोणतं रसायन लागलं असेल, भरवसा नसतो. स्वतः रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून द्या. हायवे आणि टँकरचे रस्ते सोडून वाडीतला एखादा उतार त्याला दाखवा. आणि दांडा मात्र त्यालाच तासू द्या.