बटणाचं भोक आणि एक दुरुस्ती

आज रस्ते, पाणी, नगरपालिका काही नाही. आज प्लायवूड. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक दुरुस्ती आहे आणि ती माझीच आहे.

रुपयाचं नाणं टाकून पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळलेली आमची पिढी आता चाळिशी ओलांडून बसलीय. दहावीची परीक्षा संपल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तसलं मशीन आपण घरीच करूया." जुना कॉम्प्युटर आणि मॉनिटर घरात पडून होता. १८ मिलिमीटरचा, आठ बाय चारचा प्लाय आणला. दोन्ही बाजू नीट कापल्या गेल्या. राहिली बटणांची फळी.

या बटणाला ३० मिलिमीटरचं भोक लागतं. शेजारच्या मिस्त्रींकडून मी ड्रिलचं पातं मागून आणलं ते निघालं ३५ चं, कपाटाच्या बिजागरीसाठी वापरतात ते. लेकीने सहा भोकं पाडली. बटण बसवायला गेलो तर ते सरळ आत पडलं.

मी ओरडलो. प्लायचा भाव ऐकवला. संध्याकाळी फळी गायब. दोन दिवसांनी कपाटामागे सापडली, पेपरात गुंडाळून ठेवलेली.

तिचा मामा सांगलीला फर्निचरचं काम करतो. फळी घेऊन आम्ही दोघं साताऱ्याहून एसटीने गेलो. मामाने भोकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पातं कुणी आणलं?"

"बाबांनी."

माझ्याकडे बघून तो नुसता हसला.

मोठ्या भोकावर परत ३० चं पातं चालवता येत नाही, मधल्या टोकाला धरायला लाकूडच नसतं. म्हणून आधी भोक भरायचं. त्याने उरलेल्या प्लायमधून बरोबर बसतील अशा सहा चकत्या काढल्या, फेविकॉल लावून ठोकल्या, फटीत फेविकॉलमध्ये कालवलेला बारीक भुसा भरला आणि फळी शिकंज्यात आवळून ठेवली. लेकीने विचारलं, "मामा, नुसता वरून सनमायका मारला असता तर?" तो म्हणाला, "मार की. पण खाली पोकळ ठेवून मारलास तर बटण दाबून दाबून दोन दिवसांत तडकेल. आधी भरायचं, मग झाकायचं."

फेविकॉल वाळेपर्यंत त्याने आम्हाला मिरजेला नेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काम लेकीने बघावं म्हणून. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे तिथे टांगलेले. एका कारागिरांनी दुरुस्तीला आलेला जुना तंबोरा दाखवला. भोपळ्याला आतून जोड होता. "हा आमच्या वडिलांनी लावलेला," ते म्हणाले. लेक बराच वेळ त्या जोडाकडे बघत होती.

सकाळी फळी घासली, मध्य पुन्हा आखला, खाली टाकाऊ लाकूड धरून ३० ची भोकं पाडली. बटणं घट्ट बसली. कडेने चकतीची गोल रेघ दिसते. सनमायका नको, असू दे, असं लेकच म्हणाली.

आता माझं.

मागच्या महिन्यात इथेच मी एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेबद्दल लिहिलं होतं. पट १७ लिहिला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी २०२३ मध्ये समूह शाळेचा विषय निघाल्यापासून हा आकडा किती नाजूक आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला, "सर, पट २७ आहे. तुमची पोस्ट वाचून दोन पालक दाखला मागायला आलेत." मी सॉरी म्हटलं आणि गुपचूप १७ चं २७ केलं. कुठे काही लिहिलं नाही. तोवर पोस्ट गावोगावच्या ग्रुपवर फिरून झाली होती, जुन्या आकड्यासकट. म्हणजे मी खाली पोकळ ठेवून वरून सनमायका मारला. लेकीला फळी लपवली म्हणून बोलणारा मीच.

तर सांगतो: पट २७ आहे. आकडा मी न पडताळता लिहिला होता. चूक माझी, शाळेची नाही. त्या जुन्या पोस्टमध्ये हे सगळं सर्वात वर लिहिलंय. ज्यांनी ती फिरवली होती त्यांनी कृपया हीपण फिरवा, निदान त्याच ग्रुपवर. बाईंना आज फोन केला. एका पालकाने दाखला मागायचं थांबवलंय, दुसऱ्यांना भेटायला मी उद्या वाडीवर जातोय.

मशीन चालू झालंय. मुस्तफा खेळायला या.