अंगावरून जातंय

दोन वर्षं मी बसमध्ये कुणाच्या शेजारी बसले नाही. पुण्यातल्या विश्रांतवाडीहून माझी येरवड्याची शाळा काही लांब नाही. जागा रिकामी असली तरी मी दाराजवळ उभी राहायची. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची माझी. वर्गात फळ्यापाशी उभी राहून शिकवायची, बाकांमधून फिरणं मी सोडूनच दिलं होतं. कारण एकच, मला माझ्याच अंगाचा वास येत होता. नासलेल्या मासळीसारखा. पाळी संपली की वाढायचा, नवऱ्याजवळ गेलं की वाढायचा. अंगावरून पातळ, राखाडी-पांढरं जायचं. खाज नाही, दुखणं नाही. नुसता वास आणि त्याची लाज.

आमच्याकडे अशा सगळ्याला एकच नाव आहे, उष्णता. आई फोनवर म्हणाली, "सब्जा भिजवून घे, गुलकंद खा, तिखट कमी कर." सगळं केलं. शिवाय डेटॉलच्या पाण्याने धुवायला लागले. मग मेडिकलमधून सुगंधी वॉश आणला, दिवसातून तीनदा वापरला. एकदा तिथेच हळू आवाजात सांगून एक गोळी घेतली. ती बुरशीवरची होती आणि माझा आजार बुरशीचा नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. जितका वास यायचा तितकं मी जास्त धुवायची, आणि जितकं धुवायची तितका तो लवकर परत यायचा.

2025च्या फेब्रुवारीत एका सहशिक्षिकेने धानोरी रस्त्याच्या आतल्या गल्लीतला एका डॉक्टरबाईंचा दवाखाना सांगितला. सगळं ऐकून घेऊन बाई म्हणाल्या, "आतून तपासावं लागेल ताई, चालेल ना?" तपासण्याआधी कुणी असं विचारतं, हेच मला नवं होतं.

त्यांनी कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतला आणि पट्टीच्या कागदावर टेकवला. पिवळा कागद हिरवट झाला. सामू (पीएच) साडेचारच्या आत हवा, माझा साडेपाचच्या आसपास होता. मग काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि तोच वास खोलीभर उठला. मी मान खाली घातली. बाईंच्या कपाळावर आठी नाही. "ही चाचणी आहे," त्या म्हणाल्या. "हा वासही निदानाची एक खूण आहे." जे दोन वर्षं लपवत होते ते त्यांनी कागदावर एका ओळीत लिहून टाकलं. नंतर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. योनीच्या अस्तराच्या चपट्या पेशी दिसत होत्या, भिजवलेल्या पोह्यांसारख्या. पण त्यांच्या कडा दिसेनात. बारीक ठिपक्यांनी त्या गच्च भरल्या होत्या. अशा पेशींना 'क्लू सेल' म्हणतात. पातळ स्राव, वाढलेला सामू, वास आणि या पेशी, चारांपैकी तीन खुणा असल्या की निदान पक्कं. हा नियम 1983पासून चालत आला आहे. आजाराचं नाव बॅक्टेरियल व्हजायनोसिस.

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. दुधाचं दही कसं होतं, लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल कसं तयार करतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्याच कुळातले जिवाणू योनीत राहतात, अस्तरातल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करून बाकीच्यांना दूर ठेवतात, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं. माझ्याकडे ते कमी होऊन गार्डनेरेला आणि त्याच्यासारखे इतर जिवाणू माजले होते. आम्ल टिकायला हवं, तर मी रोज साबणाने ते धुऊन काढत होते. "मग दही लावलं तर?" मी विचारलं. "अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "दह्यातल्या जाती वेगळ्या, तिथल्या वेगळ्या. त्या तिथे वस्ती करत नाहीत."

मी आणखी एक विचारलं, "संसर्ग आहे तर सूज का नाही, पू का नाही?" बाईंनी खुर्ची पुढे ओढली. या आजारात पांढऱ्या पेशींची फौज सहसा धावून येत नाही, म्हणूनच त्याला दाह म्हणत नाहीत. पण शरीर गप्पही नसतं. अस्तरातल्या पेशी इंटरल्युकिन-1 बीटासारखी द्रव्यं सोडत राहतात. धोक्याची घंटा वाजत असते, पण दारात कुणी येत नाही. आयपी-10 नावाचा दुसरा निरोप उलट दबलेला असतो. हे जिवाणू चिकट श्लेष्माचा थर विकरांनी झिजवतात, म्हणजे पहारा ढिला पडतो. एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, गरोदरपणात वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. लाजेपायी मी ज्याला नुसता वास समजत होते, त्याच्यामागे एवढं सगळं होतं.

मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, सात दिवस. तोंडात दिवसभर तांब्याचा गडू चाटल्यासारखी चव. चौथ्या दिवशी वास गेला. गोळीने जिवाणू घटले की घंटेची ती द्रव्यंही उतरतात आणि दबलेला निरोप वर येतो. मी बसमध्ये बसून शाळेत गेले. त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघत मला रडू आलं.

पण मे महिन्यात वास परत आला.

"तुमची चूक नाही," बाई म्हणाल्या. निम्म्याहून जास्त बायकांना वर्षाच्या आत हा आजार परत होतो. गोळी पातेलं घासून देते, विरजण घालून देत नाही. मोकळ्या जागेत चांगले जिवाणू आधी पोचले तर ठीक, नाहीतर जुनेच परततात. आणि ते नवऱ्याकडूनही परत येऊ शकतात. मार्च 2025मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत फक्त बायकोला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत 63 टक्के जणींना आजार परत झाला. नवऱ्यालाही दिलं तेव्हा 35 टक्के. बाईंनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. मी घरी काहीच बोलले नाही. कसं बोलायचं तेच कळेना.

ते बळ मला पालखीने दिलं. जूनमध्ये माउलींची पालखी आळंदीहून दिघी, कळसमार्गे विश्रांतवाडीत आली तेव्हा आमची सोसायटी रस्त्याकडेला चहा-बिस्किटं वाटत होती. चाळिशीची एक वारकरी बाई ग्लास हातात घेऊन माझ्या कानाशी आली. "माउली, तुमच्याकडं काई गोळी हाय का? अंगावरून लई जातंय. चालवत न्हाई." डोक्यावर तुळस, डोळे जमिनीकडे. माझ्या पर्समध्ये माझ्या गोळ्या होत्या. त्या तिला दिल्या नाहीत. तिचा हात धरला आणि आरोग्य पथकाच्या गाडीपर्यंत चालत गेले. वाटेत म्हणाले, "मलाही जातंय." तिने पहिल्यांदा वर बघितलं.

त्या रात्री डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास आठवला. दोन गावांतल्या 650 बायका त्यांनी तपासल्या. 92 टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. 1989च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आणि पुण्यात, शिकलेली, विज्ञान शिकवणारी मी दोन वर्षं तशीच गप्प बसले होते.

नवऱ्याला त्याच रात्री सांगितलं. आधी म्हणाला, "मला काय झालंय? मी कशाला गोळ्या खाऊ?" दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाईंनी त्यालाही सगळं नीट समजावलं. मग त्याने सात दिवस गोळ्या घेतल्या, क्लिंडामायसिनचं मलम रोज दोन वेळा लावलं. त्या आठवड्यात आम्ही संबंध ठेवला नाही, त्याने दारूला हात लावला नाही. मी वॉशची बाटली टाकून दिली. आता बाहेरून साधं पाणी, एवढंच. आज आठ महिने झाले, वास नाही. पुन्हा येणारच नाही असं मी म्हणत नाही. आला तर काय करायचं ते मला माहीत आहे.

वाचणाऱ्या बाईला एवढंच सांगायचं आहे. वास येतो म्हणजे तुम्ही घाणेरड्या नाही. धुऊन तो जात नाही. मेडिकलमध्ये कुजबुजून गोळी मागू नका. डॉक्टरांकडे जा, सामूची पट्टी आणि काचपट्टी तपासायला सांगा, गोळ्यांचा पूर्ण कोर्स करा, परत आलं तर परत जा आणि नवऱ्यालाही न्या. आणि "अंगावरून जातंय" हे वाक्य मान वर करून बोला.